‘क्लायंटचं नाव सांगता येणार नाही’ म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्यांशी कसं वागायचं?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते एसएपी एमएमचे (कंपन्यांचे व्यवहार चालवणाऱ्या एसएपी या सॉफ्टवेअरमधल्या खरेदी-साठ्याच्या मॉड्यूलचे) कन्सल्टंट आहेत. पुण्यातली नोकरी सोडून कोल्हापुरात घरी परतले आणि आता कॉन्ट्रॅक्टवर कामं घेतात. दिवसाआड कुठल्या तरी कन्सल्टन्सीचा फोन येतो. कंपनी कोणती म्हणून विचारलं की ‘कॉन्फिडेन्शियल आहे सर’, दर विचारला की ‘तुमची अपेक्षा सांगा’, सीव्ही मात्र अर्ध्या तासात हवा. परवा दुसऱ्या एका एजंटने कंपनीच्या नावासकट, दरासकट पुण्यातलं चांगलं काम सांगितलं. यांनी होकार दिला, तर क्लायंटकडून निरोप आला की हे प्रोफाइल आमच्याकडे आधीच आलंय. नाव न सांगणाऱ्या पहिल्या एजंटने ते न विचारताच पाठवून दिलं होतं. आता काय करायचं, आणि पुढे हे टाळायचं कसं?

अडकलेल्या कामाकडे शेवटी येतो, कारण बाकीचं कळल्याशिवाय त्याचं उत्तर पटायचं नाही. माझी पार्श्वभूमी एवढीच, की कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या नोकरीनंतर बरीच वर्षं ईआरपीची (एसएपीसारख्या, सगळी कंपनी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) कॉन्ट्रॅक्टवरची कामं करतोय, बहुतेक एजंटमार्फतच. मध्ये काही काळ एका छोट्या व्हेंडरसाठी (कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवणाऱ्या फर्मसाठी) माणसं निवडून द्यायचं कामही केलं, त्यामुळे पलीकडची बाजूही बघितली आहे.

एजंट मुख्यतः तीन गोष्टी झाकतो: क्लायंटचं नाव, क्लायंटपर्यंतची मधल्या दलालांची साखळी आणि स्वतःचं मार्जिन. आपली मंडळी चिडतात ती मार्जिनवर. माझ्या मते त्याचा नाद सोडा. नाव आणि साखळी या दोन बाबतींत मात्र तसूभरही मागे सरू नका, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होतं.

नाव लपवण्यामागे बहुतेक वेळा भीती असते. एजंटकडे विकायला एकच माल आहे: कोणत्या कंपनीला कसला माणूस हवाय ही बातमी. ती फोनवर सांगून टाकली तर तुम्ही ओळख काढून थेट कंपनीत जाल, किंवा तुमच्या नेहमीच्या एजंटला ती पुरवाल. किंवा फोनवरचा उमेदवारच मुळात दुसऱ्या कन्सल्टन्सीचा निघेल. हे तिसरं हसण्यावारी नेऊ नका, प्रतिस्पर्ध्याच्या रिक्वायरमेंट काढून घेण्यासाठी उमेदवार बनून बोलणारे लोक या धंद्यात आहेत. आणि पुष्कळदा फोन करणाऱ्या पोरा-पोरीला नाव खरोखरच माहीत नसतं. त्यांना वरून एक वर्णन आलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत अमुक इतके सीव्ही गोळा करायचे असतात. त्यांच्यावर आवाज चढवून काही हाती लागत नाही.

शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे अडत्याच्या दुकानी लागतात तेव्हा सौदा उघड होतो, घेणारा व्यापारी समोर असतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते: वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली. शेतकरी अडत्याला शिव्या घालतो त्या वेगळ्या कारणांसाठी. आपल्या बाजारात मात्र पट्टीच मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते.

आता नाव माहीत असणं इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. मोठ्या कंपन्या सहसा कॉन्ट्रॅक्टर थेट घेत नाहीत. फील्डग्लास, बीलाइन अशा व्हेंडर सांभाळायच्या सिस्टीम असतात. कंपनीतला मॅनेजर त्यात रिक्वायरमेंट टाकतो, तिला नंबर पडतो आणि ती यादीवरच्या ठरावीक व्हेंडरना दिसते. ज्याला माणूस सापडत नाही तो व्हेंडर तीच रिक्वायरमेंट खालच्या छोट्या एजन्सींना व्हॉट्सॲपवर ढकलतो, त्या आणखी खाली. म्हणून एकाच जागेसाठी एका दिवसात पुणे, हैदराबाद आणि नोएडा अशा तिन्हीकडून फोन येतात आणि वर्णनातल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा तिन्हीकडे सारख्याच असतात. एसएपीत सध्या याला ऊतच आलाय. एसएपीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपणार असल्यामुळे ज्याला त्याला नव्या एस/४ हाना आवृत्तीवर जायची घाई झाली आहे.

त्या सिस्टीममध्ये तुमचं नाव जो व्हेंडर आधी चढवतो, त्या जागेपुरते तुम्ही त्याचे. हा हक्क किती काळ टिकायचा ते त्या-त्या कंपनीच्या करारावर. काही ठिकाणी महिनोन् महिने टिकतो. दोन व्हेंडरकडून एकच नाव आलं तर काही कंपन्या आधी आलेलं धरतात आणि काही दोन्ही बाजूला काढतात. व्हेंडरांच्या भांडणात पडायला कुणाला वेळ आहे? म्हणजे ज्या एजंटने तुम्हाला कंपनीचं नावही सांगितलं नाही, तो त्याच कंपनीचं दार तुमच्यासाठी बंद करून बसू शकतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

म्हणून कंपनीचं नाव, कामाचं ठिकाण आणि असल्यास रिक्वायरमेंटचा नंबर ईमेलवर आल्याशिवाय सीव्ही पाठवायचा नाही. हे भांडून सांगायची गरज नाही. त्याच्या भीतीवर उपाय तुम्हीच द्या: ‘तुम्ही नाव सांगा, या जागेसाठी मी ३० दिवस फक्त तुमच्याकडूनच जाईन, तसं लिहून देतो.’ ज्याच्याकडे खरी रिक्वायरमेंट आहे तो याला बहुधा तयार होतो, कारण क्लायंटसाठी त्याला तुमच्या संमतीचा मेल लागतोच. गोम त्या मेलमध्ये असते. एजंट स्वतःचा मसुदा पाठवतो आणि त्यात ‘आपल्या सर्व क्लायंटकडे माझं प्रोफाइल पाठवायला हरकत नाही’ अशी ओळ हळूच घातलेली असते. ती खोडा. मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर एवढाच ठेवा: अमुक कंपनी, अमुक गाव, अमुक नंबरची रिक्वायरमेंट, ताशी किंवा दिवसाला अमुक दर अधिक जीएसटी, संमती अमुक तारखेपर्यंत, आणि माझ्या लेखी होकाराशिवाय दुसरीकडे कुठेही प्रोफाइल पाठवू नये.

तरीही तो नाव द्यायला तयार नसेल, तर अर्ध्या पानाचा बिननावाचा सारांश पाठवा: किती वर्षं, कोणते मॉड्यूल, कसल्या उद्योगात, किती रोलआउट (नव्या ठिकाणी सिस्टीम चालू करून देणं), कधीपासून मोकळे. तेवढ्यावर क्लायंटला रस आहे की नाही हे त्याला विचारता येतं, आणि त्या कागदावर तुमचं नावच नसल्यामुळे तुम्हाला कुठे अडकवता येत नाही. पूर्ण सीव्ही द्यायची वेळ आलीच तर पीडीएफ द्या आणि त्यांनी पुढे पाठवलेली प्रत मागून घ्या. स्वतःचा लोगो लावण्यासाठी ते सीव्ही नव्याने टाइप करतात, तेव्हा तुमची वर्षं वाढलेली असू शकतात आणि कधी न हाताळलेलं मॉड्यूलही त्यात येऊन बसतं. मुलाखतीत तोंड तुम्हाला द्यावं लागतं. जन्मतारीख आणि पॅन ‘सिस्टीममध्ये टाकायला’ मागतात, त्यात काही प्रमाणात तथ्य आहे; एकच माणूस दोनदा आला का हे त्यावरून ओळखतात. पॅनची शेवटची चार अक्षरं-आकडे बहुतेक ठिकाणी पुरतात. आधार पहिल्या फोनवर कुणालाही देऊ नका.

नाव स्वतः शोधायचं तर फारसं अवघड नसतं. वर्णनातली एखादी वेगळी ओळ अवतरणचिन्हात घालून शोधा; तीच रिक्वायरमेंट दुसऱ्या कुणीतरी नाव न झाकता टाकलेली असते. ‘चाकण, जर्मन वाहनभाग कंपनी, एस/४ रोलआउट, विस्तारित वेअरहाउस’ एवढं वाचून पुण्यात काम केलेला माणूस दोन-तीन नावांवर येतोच. फक्त ते नाव घेऊन एजंटला बगल द्यायला जाऊ नका. कंपनीला व्हेंडरशिवाय तुम्हाला घेता येत नाही, आणि पुण्याचं हे वर्तुळ आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लहान आहे. शोधायचं ते एवढ्यासाठी, की आधी तिथे कुणामार्फत गेलोय का हे आपल्याला कळावं. कुठली कंपनी, कुठला एजंट, कोणती तारीख याची साधी एक्सेल ठेवा.

साखळीकडे येतो. एजंटला सरळ विचारा: तुमचा क्लायंटशी थेट करार आहे, की मध्ये कुणी आहे? मध्ये असेल तर माझं इनव्हॉइस कुणाच्या नावावर? पैसे किती दिवसांत? तुम्हाला वरून आले नाहीत तरी मला द्याल का? शेवटच्या प्रश्नावर फोनच्या पलीकडे जी शांतता पसरते, तीत बरंच कळतं. छोट्या एजन्सींच्या कागदावर ‘क्लायंटकडून पैसे मिळाल्यावर’ अशी ओळ असते. क्लायंट वरच्या व्हेंडरला ६० दिवसांनी देणार, तो खालच्याला आणखी ३० दिवसांनी, आणि तुम्ही तळाशी. टाइमशीट कोण मंजूर करणार हेही विचारून ठेवा, कारण पैसे अडकवायची सर्वांत सोयीची जागा तीच.

दरम्यान जीएसटी थांबत नाही. नोंदणी असेल तर इनव्हॉइस फाडलं की १८ टक्के सरकारला भरायचे, मासिक रिटर्न असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. महिन्याला १,६०,००० चं बिल म्हणजे २८,८०० रुपये. पैसे ९० दिवसांनी येत असतील तर असे दोन-तीन हप्ते खिशातून जातात. टीडीएसही कापतात, बहुधा १० टक्के, पण कापला म्हणजे भरला असं नाही. आयकर पोर्टलवर तो तुमच्या नावावर दिसतो का ते दर तिमाहीला बघा. साखळीतला खालचा एजंट बुडाला तर बिलाचे पैसे आणि टीडीएस दोन्ही एकदम जातात.

यावर एक कायदेशीर आधार आहे आणि तो फारच कमी कॉन्ट्रॅक्टर वापरतात. इनव्हॉइस देऊन काम करत असाल (एजंटच्या पेरोलवर असाल तर हे लागू नाही), तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, काम सुरू व्हायच्या आधी. ती मोफत आहे आणि ऑनलाइन होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, आणि मुख्य म्हणजे पैसे बुडवणारा बेंगळुरूचा असला तरी पुरवठादार जिथला आहे तिथल्या, अशा तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेकडे प्रकरण चालू शकतं. शिवाय आता मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे सीएच फोन करू लागतात. करार करतानाच उद्यम क्रमांक इनव्हॉइसवर छापलेला दाखवा. निम्मं काम तेवढ्याने होतं.

मार्जिनचं बोलायचं तर उदाहरणादाखल आकडे धरू. क्लायंट ताशी १,५०० देतोय. वरचा व्हेंडर १५ टक्के ठेवतो, खाली १,२७५ येतात. त्याखालचा २० टक्के ठेवतो, तुम्हाला १,०२०. महिन्याचे १६० तास धरले तर क्लायंट २,४०,००० मोजतो आणि तुमच्या हाती १,६३,२०० पडतात. मधला एक जण नसता तर २,०४,००० मिळाले असते. आता सांगा, इथे भांडायचं कशावर? वरचा १५ ऐवजी १२ टक्के ठेवेल म्हणून, की दुसरा जणच नको म्हणून? चांगला व्हेंडर क्लायंटकडून यायच्या आधी पैसे देतो, तुम्ही गेलात तर बदली माणूस शोधतो, क्लायंटच्या ऑडिटला तोंड देतो. त्याने काही ठेवलं तर मला वाईट वाटत नाही. ज्याने फक्त व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुढे ढकलला त्याला दर तासाला २५५ रुपये का द्यायचे, हा खरा प्रश्न. आणि तो तुम्ही विचारला नाही तर कुणीच विचारणार नाही.

‘तुमची अपेक्षा सांगा’ याला उत्तर द्यायला बिचकू नका. स्वतःचा आकडा आधी ठरवून ठेवा आणि तोच सगळ्यांना सांगा. बजेट काढून घ्यायच्या खेळात एजंट आपल्यापेक्षा तरबेज असतो, रोजचं काम आहे त्याचं.

कोल्हापूरचं नाव काढलं की एक वेगळाच सूर लागतो: ‘घरीच राहताय ना सर, खर्च काय एवढा?’ दर कामाचा असतो, रंकाळ्याजवळच्या भाड्याचा नव्हे, एवढं हसत सांगून विषय संपवा. यापेक्षा धोकादायक म्हणजे ‘पूर्ण रिमोट आहे’. कामाला लागल्यावर ते ‘आठवड्यातून तीन दिवस ऑफिस’ होतं. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, त्यात हायवेची कामं. तीन दिवस तिथे राहायचं म्हणजे तुमच्या दरातला मोठा तुकडा गेला. म्हणून ऑफिसला किती दिवस, कोणत्या गावात आणि प्रवासाचा खर्च कुणाचा, हे संमतीच्या मेलमध्येच घाला.

उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतली फाउंड्री आणि मशीनशॉपची कामं मात्र अजूनही तोंडओळखीने होतात. पैसे तिथेही रखडतात, पण कुणी रखडवले ते माहीत असतं आणि त्याच्या केबिनमध्ये जाऊन चहा पीत बसता येतं. दर कमी असला तरी वर्षात असं एखादं काम हातात ठेवा. एजंटला ‘नाही’ म्हणायचं बळ त्यातून येतं.

गुप्तता दोन्ही बाजूंनी पाळायची असते हे आपली माणसं विसरतात. ‘सध्या आणखी कुठे मुलाखत झाली?’ हा प्रश्न गप्पा मारल्यासारखा येतो. उत्तर दिलंत की त्या कंपनीत जागा आहे हे त्याला कळलं, आणि दुपारी तिथे तुमचे तीन प्रतिस्पर्धी पोचले. ‘रेफरन्ससाठी मागच्या दोन मॅनेजरचे नंबर द्या’ हे त्याचंच भावंड. तो मॅनेजर त्याच्यासाठी नवा ग्राहक आहे. रेफरन्स मुलाखत झाल्यावर, ऑफर तयार असताना, आणि मॅनेजरला आधी विचारून. हेच ठाम उत्तर. काही वेळा तर जागाच नसते. व्हेंडरला एखाद्या टेंडरमध्ये ‘आमच्याकडे असे लोक आहेत’ म्हणून सीव्ही जोडायचे असतात, किंवा नुसता साठा करायचा असतो. ओळखायचं कसं? ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलं, मुलाखत कोण घेणार, कधीपर्यंत माणूस हवाय, असे साधे प्रश्न विचारा. खऱ्या जागेबद्दल यातलं काहीतरी माहीत असतं. आणि नोंदणीचे, ट्रेनिंगचे, डिपॉझिटचे म्हणून पैसे मागितले तर बोलणं तिथेच थांबवा.

करारात ‘काम संपल्यावर दोन वर्षं या क्लायंटकडे किंवा अशा कोणत्याही कंपनीकडे काम करणार नाही’ असं कलम हमखास असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतर उपजीविकेवर घातलेला असा सरसकट बंध टिकणं कठीण. काम चालू असतानाचा बंध वेगळा, तो पाळा. तरी सहीपूर्वी ते ‘त्याच क्लायंटकडे, सहा महिने’ इतकं आखूड करून घ्या. कोर्टात जिंकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ब्रिटनच्या कामांचे फोन येणाऱ्यांसाठी एक जाता जाता. तिथे २००३ च्या नियमांप्रमाणे एजन्सीने माणूस सुचवताना क्लायंट कोण, काम काय, कधीपासून, पैसे किती हे सांगावं लागतं. पण स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत काम करणाऱ्याला त्या नियमांतून बाहेर पडायची मुभा आहे, आणि एजंट तोच बाहेर पडायचा कागद इतर कागदांच्या गठ्ठ्यात सहीला पाठवतात. तो ओळखा आणि सही करायची की नाही ते विचार करून ठरवा.

आता तुमचं अडकलेलं काम. आजच पहिल्या एजंटला मेल करा: माझं प्रोफाइल या कंपनीकडे कोणत्या तारखेला, कोणत्या रिक्वायरमेंटसाठी, किती दराने पाठवलं आणि माझी संमती कोणत्या मेलमध्ये आहे ते कळवा, संमती नसेल तर नाव मागे घेऊन दोन दिवसांत लेखी कळवा. भाषा थंड ठेवा, धमकी नको. मात्र आधी स्वतःचे जुने मेल तपासा. ‘सर्व क्लायंटकडे’ वाली ओळ कधी होकारात गेली असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. मेलची प्रत दुसऱ्या एजंटला द्या. क्लायंटच्या खरेदी विभागाशी किंवा व्हेंडर डेस्कशी बोलायचं काम त्याचं; संमतीचा पुरावा कुणाकडे आहे हे बघून काही कंपन्या नाव बदलून देतात. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला तुम्ही थेट फोन करू नका, तिथून प्रकरण चिघळतं.

पहिल्याने नाव मागे घेतलं नाही आणि काम खरंच हवं असेल, तर अहंकार बाजूला ठेवून त्याच्याकडूनच जा. फक्त दर दुसऱ्या एजंटने सांगितला होता तोच मागा, ४५ दिवसांत पैसे आणि थेट करार आहे की नाही हे लिहून घ्या. तुम्ही नाही म्हणालात तर त्याचंही नाव त्या जागेपुरतं वाया जातं, हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक आहे.